चौथी बॅटरी

फोन वाजला तेव्हा अस्माच्या हातात वेल्डिंगचं पेन होतं.

“रहमत बॅटरीवाले का? मी रामराव, जमादार. फुलसावंगीच्या चौकीतून बोलतो. तांड्यावरच्या वर्षाबाईच्या सायकलची बॅटरी तुमच्या दुकानची होय ना?”

“हो. काय झालं?”

“जळाली. घरात कापूस भरला होता. सासू होती आतमधी, मैनाबाई. गेली बिचारी.”

अस्मानं पेन खाली ठेवलं. बाजूला बसलेल्या तिच्या अब्बांनी, रहमतचाचांनी, तिचा चेहरा पाहिला आणि फोन काढून घेतला. दोन मिनिटं ऐकलं. मग शांतपणे म्हणाले, “बॅटरी मी बनवली, साहेब. माझ्या हातानं. येतो मी.”

ते खोटं होतं. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीबाहेरचं ते दुकान अब्बांच्या नावाचं असलं, तरी दोन वर्षांपासून त्यांना सुईचं नाक दिसत नव्हतं. सेल जोडायची, पट्टी वेल्ड करायची ती अस्मा. ती बॅटरीही तिनंच बनवली होती.

आणि तशा आणखी तीन होत्या.

दिवाळीआधी फुलसावंगीकडच्या चार बाया दुकानात आल्या होत्या. चौघींना मोटर बसवलेल्या सायकलींसाठी बॅटरी हवी होती. अब्बांनी मोठी आणि लहान, दोन्ही समोर ठेवल्या. चौघींनी लहान उचलली. पिशवीत मावते, घरात नेऊन चार्ज करता येते, चोरीची भीती नाही. अब्बांनी बजावलं की लहान बॅटरीवर चढ आणि ओझं दोन्ही टाकू नका, मधातच बंद पडेल. निघताना म्हणाले, थंडीत तिला उघड्यावर ठेवू नका, उबेत ठेवा, नाहीतर दम धरत नाही. जमीर, अस्माचा धाकटा भाऊ, त्यांच्या पिशव्या उचलून ऑटोपर्यंत गेला होता.

आता एक जळाली होती. तीन अजून घरांत होत्या. बोंडअळीची ती वर्षं. उरलासुरला कापूसही भावाची वाट पाहत घरोघरी छतापर्यंत भरलेला. अस्माने लगेच तिघींना फोन लावले. दोघींनी उचलला. “चार्जिंगला लावू नका, हात लावू नका,” एवढंच तिला बोलता आलं. चौथीचा, नंदाबाईचा, फोन बंद होता.

त्याच संध्याकाळी अब्बा जमीरच्या मोटरसायकलवर बसून गेले. अस्मा रात्रभर जागी होती. आपल्याच वेल्डिंगचा एखादा ठिपका सुटला असेल, पट्टी निसटून ठिणगी पडली असेल, हे तिच्या डोक्यातून जाईना. दर तासाला ती नंदाबाईचा नंबर लावत होती.

सकाळच्या एसटीनं ती फुलसावंगीला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. जमीर थांब्यावरच उभा होता, हातात गोणपाटाची पिशवी घेऊन.

“दोन बॅटऱ्या कालच सांजेले घेऊन आलो, आपा. नंदाबाईच्या घराले काल सांजेलेही कुलूप होतं, आजही आहे. ते लोक पहाटेच कापूस येचाले वावरात जातात, अंधार पडल्यावर येतात. तिची मी आणतो दुपारी.”

“अब्बा?”

“चौकीत. बसवून ठेवलं. ते एकच बोलून राह्यले, मी बनवली म्हणून.”

रामराव जमादार तिला जळालेल्या घरी घेऊन गेले. पन्नाशीचा, जाड भुवयांचा माणूस; बोलायला वाईट नव्हता, पण त्याचं ठरल्यासारखं वाटत होतं. बॅटरीवाल्यानं जुने सेल घातले, बाई मेली, गुन्हा दाखल.

मागची खोली काळी झाली होती. कापूस जळाल्याचा वास नाकातून जात नव्हता. ओसरीवर भारत, मैनाबाईचा मुलगा, भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको वर्षा दोन्ही हातांना पट्ट्या बांधून उभी होती. ती आशा सेविका. याच सायकलवर चार तांडे फिरायची. तिच्याकडे पाहायची अस्माला हिंमत होईना.

“बॅटरी कुठं ठेवलती तुम्ही?” अस्माने विचारलं.

“तिथं, बोर्डाखाली. पाटावर.” वर्षानं ओसरीतला प्लगचा बोर्ड दाखवला. “सकाळी प्लग लावून वावरात गेली मी. आमच्याकडं लाइन सहा ते दहा राह्यते, मंग दोनले येते. सारेच लावून ठेवतात. लाइन आली की आपोआप भरते.”

“आग केव्हा दिसली?”

“तीन वाजले असन. मी रस्त्यावरच होती.”

“आधी काही तक्रार? गरम व्हायची?”

“गरम नाई. टेकडीवर बंद पडे. पेटी, औषधं, वरतून येताना एखादी गोणी. मधातच बंद. पण संक्रांतीनंतर नाई पडली कधी.”

“कोणाकडून दुरुस्त केली?”

“कोणाकडून नाई. तुमचा भाऊ आलता ना संक्रांतीले, चौघींच्या सायकली पाहून गेला. ब्रेक कसले, हवा भरली. लय चांगलं पोरगं आहे.”

अस्मा खोलीत गेली. राखेच्या मधोमध बॅटरीचा सांगाडा पडला होता. पाटापासून चांगला दीड हात लांब, ढिगाच्या पोटात. तिनं उकिडवं बसून तो काडीनं उचलला. खाली मूठभर कापूस तसाच होता, पिवळा पडलेला, दबलेला.

“जमादार साहेब, ही उडून इथं नाही आली. ही कापसात खुपसली होती. वरही कापूस होता, खालीही.”

रामरावांनी भुवया उंचावल्या. “कोणी खुपसली?”

भारतनं मान वर केली नाही. “घरात याडी एकटीच होती,” तो आईबद्दल म्हणाला.

अस्मा सेलचे जळके डबे मोजू लागली. लोखंडाचे असतात, आगीतही उरतात. चाळीस. चाळीसही पट्टीला धरून. एकही ठिपका सुटला नव्हता. तिला तिथंच रडू आलं आणि तिनं ते ओढणीत दाबलं. आपलं वेल्डिंग टिकलं होतं. मग आग कशानं लागली?

राखेत आणखी एक वस्तू मिळाली. बोटभर लांबीची तांब्याची तार. जाड, एकेरी. तिनं बनवलेल्या बॅटरीत अशी तार कुठंच नसते.

“घरातल्या फिटिंगची असन,” रामराव म्हणाले.

“फिटिंगची वायर बोर्डाकडं आहे. ही सेलच्या मधात होती.”

दारातून जमीर म्हणाला, “गावात देवीलालचं वाइंडिंगचं दुकान आहे, आपा. पंपाच्या मोटरा भरते तो. त्याच्याकडं अशीच तार राह्यते. कोणी त्याच्याकडून उघडून घेतली असन.”

चौकी वाटेतच होती. अब्बा बाकावर बसले होते, चष्मा हातात. अस्मा त्यांच्या कानाशी वाकली. “अब्बा, खोटं काहून सांगता? तुमाले दिसत नाई हे मी सांगू काय साहेबाले?”

त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. “तू काही बोलू नको, बेटा. तुझा निकाह व्हायचा आहे. माझं काय राह्यलं आता.”

म्हणजे अब्बांनाही तीच भीती होती. त्यांनाही वाटत होतं की चूक अस्माच्या हातची आहे. तिनं सांगायचा प्रयत्न केला, पण शिपायानं उठवलं.

साडेबारा वाजता ती देवीलालच्या दुकानात होती. म्हाताऱ्यानं तार बोटांत फिरवली आणि परत दिली.

“माझ्या तारेवर लाख चढवलेली राह्यते, अन् ते यापरीस बारीक. हे माझी नोहे. मी पंपाची मोटर भरतो, बाई. बॅटरीले हात नाई लावत. भेव वाटते.”

“ह्या दोन बॅटऱ्या इथं उघडू काय?”

“उघडा ना. सोल्डरगन पायजे काय? काल सांजेले तुमच्या भावानं नेलती, रातीच आणून देल्ली. मोबाइलचा चार्जर तुटला म्हणे.”

अस्मानं दाराबाहेर पाहिलं. जमीर बाहेर रामरावांशी बोलत उभा होता. तिनं एका बॅटरीवरची प्लास्टिकची निळी पिशवी ब्लेडनं कापली. सेल ठीक. मीटर लावला, आकडे ठीक. आतला बोर्डही ठीक.

बोर्ड म्हणजे बॅटरीतला पहारेकरी. सेल तापले, गरजेपेक्षा जास्त भरले, किंवा मोटरनं फार ओढ लावली की तो लाइन तोडतो. त्याच्यावर सोल्डरचे दोन टाके असतात, एक सेलकडचा, एक बाहेरचा. ते टाके अस्मानं चार महिन्यांपूर्वी मारले होते. बारीक, आणि आता काळपटलेले असायला हवे होते.

हे जाड होते. चकचकीत. बोट लावलं तर सोल्डरची राळ चिकटली, आणि वास अजून ताजा होता.

दुसरी बॅटरी उघडली. तेच.

तिनं दोन्ही बॅटऱ्या पिशवीत भरल्या आणि बाहेर आली. सव्वा वाजला होता.

“नंदाबाईचं घर किती लांब?”

“चार किलोमीटर,” रामराव म्हणाले. “काहून?”

“दोनला लाइन येते.”

जमीर पुढं झाला. “मी एकटा जातो, आपा. तू अब्बाजवळ थांब. कुलूप आहे, मी बाईले वावरातून आणतो, बॅटरी घेऊन येतो. तू कायले उन्हात...”

“सारेच जाऊ,” रामराव म्हणाले. “जप्ती मलेच करावी लागते.”

नंदाबाईच्या तांड्यावर एका ओळीत सात घरं होती, सगळ्यांच्या भिंती एकमेकांना लागलेल्या. सातही घरांत कापूस. माणसं वावरात, ओट्यांवर दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी. रामरावांनी एका म्हातारीच्या नातीला वावराकडं पिटाळलं. अस्मानं खिडकीच्या गजांतून आत पाहिलं.

प्लग बोर्डात होता. बटण दाबलेलं. चार्जरची वायर जमिनीवरून गेली होती आणि कापसाच्या ढिगात नाहीशी झाली होती.

“चार्जिंगलाच आहे, कापसात,” ती म्हणाली.

“एक अठ्ठावन्न,” रामराव घड्याळ पाहून म्हणाले. “कुलूप तोडू कसं? पंच नाईत, घरवाली नाई. उद्या माझ्यावर येते.”

अस्मानं जमीरकडं पाहिलं. तिला जे विचारायचं होतं ते विचारायची भीती वाटत होती. म्हणून तिनं दुसरंच सांगितलं, आणि मनातल्या मनात दुआ केली की त्यानं गप्प राहावं.

“काही घाई नाई, साहेब. लाइन आली तरी बॅटरी तापली की बोर्ड तोडते. त्या दोघींचे बोर्ड मी पाहिले, चांगले आहेत. हिचाही चांगलाच असन. बाई येईपर्यंत थांबू.”

पलीकडच्या घरात अचानक रेडिओ लागला. लाइन आली होती.

“नाई तोडणार,” जमीर म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “आपा, हिचा बोर्ड नाई तोडणार. दार फोडा, साहेब.”

कोणी हलायच्या आत त्यानं चुलीजवळचा दगड उचलला आणि कडीवर घातला. तिसऱ्या घावाला कडी उपसली. अस्मा प्लगच्या बोर्डाकडं धावली, प्लग ओढला. जमीर कोपरापर्यंत ढिगात शिरला. बॅटरी बाहेर आली तेव्हा तिची एक बाजू फुगली होती. “हटा, हटा,” म्हणत तो तिला छातीशी धरून पळाला आणि घरांपासून लांब, बांधकामासाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगावर ठेवून परत आला. त्याचे तळहात लाल झाले होते.

अर्धा तास सगळे भिंतीआड उभे होते. बॅटरीतून बारीक सूं असा आवाज येत होता. ओट्यावरची म्हातारी शेळीला घरात ओढत होती आणि शेळी येत नव्हती. अस्मानं सात घरं पुन्हा पुन्हा मोजली. मग आवाज थांबला. आणखी पाऊण तासानं तिनं जाऊन हात लावला, थंड होती.

तोवर नंदाबाई धापा टाकत आली होती. तिच्यामागं, कसं कळलं कोण जाणे, वर्षा आणि भारतही आले. अस्मानं सगळ्यांसमोर निळी पिशवी कापली. बोर्डाच्या एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंत तशीच बोटभर लांबीची तांब्याची तार होती. जाड, एकेरी.

“साहेब,” ती म्हणाली, “आता सांगते. मधात कोणी बोलू नका, नाईतर माझ्यानं बोलणं होणार नाई.

“ही बॅटरी लहान. ओझं घेऊन टेकडी चढली की बोर्ड लाइन तोडे, सायकल बंद पडे. तो बिघाड नव्हता. बोर्ड त्याचं काम करून राह्यला होता. पण गिऱ्हाइकाले वाटते दुकानानं फसवलं. संक्रांतीले कोणीतरी चारही बॅटऱ्या उघडल्या अन् बोर्डाले बगल देऊन तार टाकली. डायरेक्ट केलं.”

रामरावांनी मान डोलावली. त्यांना शब्द कळला. कळणारच. आपल्याकडं पंप असो, पंखा असो, अडवणारी वस्तू काढून डायरेक्ट केली की मिस्त्री हुशार ठरतो. वस्तू चालते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि अडवणारी वस्तू कशासाठी होती हे कोणी विचारत नाही.

“तेव्हापासून टेकडीवर सायकल बंद नाई पडली. वर्षाताईनं हेच सांगितलं. पण बॅटरी रोज पार खाली पिळली जाई, सेल पुढंमागं होत गेले. भरताना काही सेल आधी भरत, तरी लाइन त्याइच्यात जातच राहे, कारण तोडणारा कोणी नव्हता. सकाळी भरली, दोनले पुन्हा लाइन आली. तापत गेली. उघड्या पाटावर असती तर कदाचित नुसती फुगली असती. पण ती कापसात होती.”

“कापसात काहून ठेवली पण?” रामरावांनी नंदाबाईकडं पाहिलं.

नंदाबाई रडायला लागली. “थंडीत उबेत ठेवा म्हणत ना चाचा. मैनाकाकीनंच मले शिकवलं. म्हणे, घरात कापसाएवढी ऊब कुठं आहे? लेकरावाणी झाकून ठेवत जाय. ते रोज झाके वर्षाची बॅटरी.”

वर्षानं पट्टीचे हात तोंडावर घेतले. भारत खाली बसला.

“अन् उघडली कोणी?” रामराव म्हणाले. “देवीलालनं?”

“देवीलालची तार लाखेची अन् बारीक, ही उघडी अन् जाड. उघडणाऱ्याले ही पिशवी पुन्हा आमच्यासारखी बसवता आली, कोणाले शंका आली नाई. संक्रांतीले चारही सायकलींजवळ एकच माणूस गेला. काल आग लागल्यावर त्यालेच कळलं आग कशानं लागली. त्यानं रातोरात दोन बॅटऱ्या गोळा केल्या, सोल्डरगन मागितली, तार काढून नवे टाके मारले. राळ अजून ओली आहे. ह्या घराले कुलूप होतं म्हणून ही राहून गेली. अन् मघाशी, बॅटरी न उघडता, हिचा बोर्ड तोडणार नाई हे त्यालेच माहीत होतं.”

तिला नाव घ्यावं लागलं नाही. जमीर रेतीजवळ उभा होता, भाजलेले हात पुढं धरून.

“बाया रोज फोन करत,” तो म्हणाला. “अब्बा म्हणत, मोठी घ्या म्हणून सांगा. मोठी कोण घेते, आपा? दुकानाचं नाव खराब होत होतं. मले वाटलं थोडी तार टाकली तर काय होते. कापसाचं मले खरंच माहीत नव्हतं.”

“काल सांगितलं असतं तर?” अस्मानं विचारलं. “ही रातभर इथं होती, जमीर. सात घरं.”

“आग लागली म्हणून फोन आला तेव्हा अब्बा म्हणाले मी बनवली. तू रडत होती, तुझ्या वेल्डिंगनं झालं म्हणून. मले वाटलं, होऊन जाऊ दे तसंच.” त्यानं मान खाली घातली. “मले भेव वाटलं.”

अस्माच्या मनात त्याला मारावं असं आलं, आणि त्याचे हात धुवून हळद लावावी असंही आलं. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही.

चौकीत अब्बा त्याच बाकावर होते. अस्मा समोर बसली.

“वेल्डिंग टिकलं, अब्बा. चाळीसही सेल पट्टीले धरून होते. माझी चूक नव्हती.”

त्यांचा चेहरा सैल झाला. एका दिवसात ते किती म्हातारे झाले होते हे तिला तेव्हा दिसलं. मग त्यांनी तिच्या मागं पाहिलं. रामरावांचा हात जमीरच्या खांद्यावर होता.

“मी डायरेक्ट केलतं, अब्बा,” जमीर म्हणाला.

अब्बांनी त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग त्यांनी विचारलं, “कापसात कोणी ठेवली?”

वाटेभर अस्मानं ठरवलं होतं की एवढं एक सांगायचं नाही. पण आज लपवण्याचं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. तिनं सांगितलं. मैनाबाईनं ठेवली, उबेत ठेवा असं तुम्ही म्हणाला होता म्हणून.

अब्बांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, त्यानं धड दिसत नव्हतं तरी.

रामरावांनी सकाळचा कागद समोर ओढला. “चाचा, तुमचं बयान काटतो. पोराचं घेतो. तुम्ही पोरीसंगं घरी जा.”

“मी बनवली ते काटा, माझं नाव काटू नका,” अब्बा म्हणाले. “त्याचं खाली लिहा.”

“अहो, सल्ला देल्ला म्हणून गुन्हा होत नाई. तसं कलम नाई कुठं.”

“कलम तुमचं तुम्ही पाहा, साहेब. कापसाच्या घरात बॅटरी देल्ली अन् उबेत ठेवा म्हणालो. कुठल्या उबेत, ते सांगितलं नाई. बयान माझं आहे.”

रामरावांनी अस्माकडं पाहिलं. तिनं वडिलांना घरी चला म्हणायला हवं होतं. ती उठली आणि बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. रामरावांनी जमीरला खुर्ची दिली, त्याच्या हातांसाठी पाणी मागवलं आणि लिहायला सुरुवात केली.